कोन-बीम डेक्सामध्ये स्कॅटर मोजून वजा कसा करावा

डेक्सा म्हणजे दोन ऊर्जांच्या क्ष-किरणांनी हाडांची घनता मोजण्याची रीत. १९८७ साली बाजारात आलेली तिची पहिली यंत्रं पेन्सिल बीमची होती. बारीक छिद्रातून क्ष-किरण सोडायचा, समोर तेवढ्याच बारीक छिद्रामागे डिटेक्टर ठेवायचा आणि ही जोडी रुग्णावरून रांगेरांगेने फिरवायची. वाटेत दिशा बदललेला (विखुरलेला, म्हणजे स्कॅटर झालेला) किरण त्या छिद्रात सहसा शिरतच नाही, त्यामुळे स्कॅटरचा प्रश्न जवळपास मिटलेला. अडचण वेळेची होती. मग पंख्यासारखा पसरणारा फॅन बीम आला, आणि त्यापुढे फ्लॅट पॅनेल (सपाट डिटेक्टर) लावून अख्खा कमरेचा कणा एका एक्स्पोजरमध्ये टिपणारा शंकूच्या आकाराचा कोन-बीम. यात काम काही सेकंदांत उरकतं, पण पॅनेलच्या प्रत्येक पिक्सेलवर सबंध शरीरातून विखुरलेले किरण येऊन पडतात. पुढची कृती अशा सेटअपसाठी आहे: प्रयोगशाळेत जुळवलेला असो, लहान प्राण्यांसाठीचा असो की नवं यंत्र तपासायला घेतलेला असो. रुग्णालयातल्या तयार यंत्रात स्कॅटरची दुरुस्ती कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्येच असते. तिथे हात घालता येत नाही, पण शेवटी दिलेल्या चाचण्या तिथेही लागू पडतात.

चूक किती, आणि कोणत्या बाजूला

सोपं उदाहरण घेऊ. कमी ऊर्जा ४० केईव्ही (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट), जास्त ऊर्जा ८० केईव्ही. पाण्याचे क्षीणन गुणांक (पदार्थ किरण किती अडवतो याचे आकडे) अनुक्रमे ०.२६८ आणि ०.१८४ चौ.सेमी प्रति ग्रॅम, हायड्रॉक्सिॲपटाइटचे (हाडातल्या खनिजाचे) सुमारे ०.९९ आणि ०.२६. आत जाणारी तीव्रता भागिले बाहेर आलेली तीव्रता, याचा नैसर्गिक लॉग दोन्ही ऊर्जांना घ्यायचा. कमी ऊर्जेच्या लॉगला ‘ल’ म्हणू, जास्त ऊर्जेच्या लॉगला ‘उ’. मऊ ऊतींचा हिशेब कटून जावा म्हणून:

हाड (ग्रॅम/चौ.सेमी) = (ल − १.४६ × उ) ÷ ०.६१

१.४६ म्हणजे पाण्याच्या दोन गुणांकांचं गुणोत्तर, आणि ०.६१ म्हणजे ०.९९ वजा १.४६ गुणिले ०.२६.

आता यात स्कॅटर मिसळा. डिटेक्टरला प्राथमिक (न वळता सरळ आलेले) आणि विखुरलेले किरण वेगळे ओळखता येत नाहीत, तो बेरीज दाखवतो. त्यामुळे प्रत्येक लॉग थोडा कमी भरतो. किती, तर एक अधिक स्कॅटर-प्राथमिक प्रमाण, याच्या लॉगइतका. इथे पुष्कळांना वाटतं की हाडाशेजारच्या मऊ भागाची पातळी आपण वजा करतोच, तेव्हा स्कॅटरही त्यात कटून जाईल. तो कटत नाही. स्कॅटर सपाट पसरलेला असतो, हाडाखाली आणि हाडाशेजारी जवळपास सारखाच. प्राथमिक किरण मात्र १ ग्रॅम/चौ.सेमी हाडाखाली कमी ऊर्जेला ३७ टक्क्यांवर येतात आणि जास्त ऊर्जेला ७७ टक्क्यांवर. म्हणजे शेजारी दोन्ही ऊर्जांना प्रमाण ५ टक्के असेल तर हाडाखाली तेच अनुक्रमे १३.५ आणि ६.५ टक्के होतं. सूत्रात आकडे घालून पाहा: १.०० ऐवजी ०.९१ येतं, म्हणजे ९ टक्के कमी. शेजारचं प्रमाण १ टक्का असेल तर चूक सुमारे २ टक्के, आणि २० टक्के असेल तर सुमारे २९ टक्के. स्कॅटर अडवणारी जाळी (ग्रिड) नसलेल्या मोठ्या क्षेत्रात, पोटाएवढ्या जाडीमागे, हे प्रमाण १०० टक्क्यांच्याही वर जातं. तिथे दुरुस्तीशिवाय आलेल्या आकड्याला बीएमडी (हाडाची खनिज घनता) म्हणण्यात अर्थ नाही.

याची तुलना आयएससीडीच्या (हाडांची घनता मोजणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संस्था) मर्यादेशी करा: कमरेच्या कण्यासाठी लक्षणीय ठरणारा किमान बदल ५.३ टक्क्यांपेक्षा मोठा नसावा. ‘चूक कायम एकसारखीच असेल तर पाठपुराव्यात ती कटेल’ हा युक्तिवादही टिकत नाही. रुग्णाचं वजन दोन वर्षांत ८ किलोंनी उतरलं तर पोटाची जाडी बदलते, जाडीबरोबर स्कॅटर बदलतो, आणि हाड तेवढंच असूनही अहवालात ते वाढल्यासारखं दिसतं.

ऊर्जा ओळखणारा फोटॉन-काउंटिंग डिटेक्टर बसवला म्हणजे सुटलो, असंही नाही. ८० केईव्हीचा फोटॉन काटकोनात वळला तरी त्याच्याकडे ६९ केईव्ही उरतात, आणि ४० चा ३७ वर येतो. ज्या फोटॉननी फक्त २०–३० अंश दिशा बदलली त्यांच्या ऊर्जेतली घट तर आणखी कमी. मूळ किरणांचाच वर्णपट एवढा रुंद असतो की ही घट त्यात बुडून जाते.

आधी कमी करा, मग वजा करा

वजाबाकीने स्कॅटरची सरासरी निघून जाते, पण त्याने आणलेला गोंगाट तिथेच राहतो. प्राथमिक किरणांच्या सापेक्ष गोंगाट एक अधिक प्रमाणाच्या वर्गमुळाने वाढतो. प्रमाण १ असेल तर १.४ पट, ३ असेल तर दुप्पट. म्हणून आधी भूमितीतून जेवढा स्कॅटर काढता येईल तेवढा काढा.

सगळ्यात स्वस्त उपाय कॉलिमेशनचा, म्हणजे किरणांचं क्षेत्र आटवण्याचा. कण्यासाठी २० सेमी रुंद क्षेत्र उघडं ठेवायचं कारण नाही. कशेरुका आणि दोन्ही बाजूंना तुलनेपुरती मऊ ऊती धरून १२ सेमी पुरतात. त्यानंतर हवेचं अंतर: फँटम (शरीराच्या जागी ठेवलेला नमुना) आणि पॅनेल यांच्यामध्ये १० ते २० सेमी मोकळी जागा सोडली तर मोठ्या कोनात वळलेले किरण पॅनेलबाहेर पडतात. छोट्या कोनात वळलेले, विशेषतः ऊर्जा न गमावता पुढच्याच दिशेने जाणारे कोहेरंट स्कॅटरचे किरण, याने फारसे कमी होत नाहीत. अँटी-स्कॅटर ग्रिडचा उपयोग होतो, पण ती प्राथमिक किरणही खाते, डोस वाढतो, आणि तिच्या रेषा दोन्ही ऊर्जांच्या प्रतिमांत सारख्या कटत नाहीत. घनता मोजणीत आमचा कौल हवेच्या अंतराला.

बीम-स्टॉप पट्टी बनवणं

स्कॅटर प्रत्यक्ष मोजण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे ट्यूब आणि वस्तू यांच्यामध्ये शिशाच्या लहान चकत्या ठेवणं. चकतीच्या सावलीत प्राथमिक किरण पोचत नाहीत. तिथे जो सिग्नल उरतो तो स्कॅटरचा.

भूमिती अशी धरू: ट्यूबच्या फोकसपासून पॅनेल १०० सेमी, पट्टी ५० सेमीवर, २० सेमी जाडीचं फँटम ७० ते ९० सेमीच्या दरम्यान, आणि खाली १० सेमी हवा. पट्टीसाठी ५ मिमी जाडीच्या ॲक्रिलिकचे १० × १० सेमीचे दोन तुकडे एकाच शीटमधून कापा. एकात ३ मिमी व्यासाची, ३ मिमी खोल छिद्रं १२ मिमी अंतराने पाडा, आठ ओळी आणि आठ स्तंभ, म्हणजे ६४. प्रत्येकात त्याच मापाचा शुद्ध शिशाचा तुकडा दाबून बसवा. बंदुकीचे गोल छर्रे वापरू नका, कडेला त्यांची जाडी शून्याकडे जाते आणि सावली धूसर पडते. शिसं हाताळताना हातमोजे घाला, कानशीने घासू नका, नंतर हात धुवा. दुसरा तुकडा कोराच ठेवायचा. चकत्यांशिवायच्या प्रत्येक एक्स्पोजरला तो त्याच जागी लावायचा, नाहीतर ५ मिमी ॲक्रिलिकचा फरक तुमच्या हिशेबात हाड किंवा चरबी म्हणून उतरेल.

३ मिमी जाडी का? शिशाची के-कड (जिथे त्याचं शोषण एकदम वाढतं ती ऊर्जा) ८८ केईव्हीला असते आणि तिच्या अगदी खालच्या ऊर्जांना शिसं तुलनेने पारदर्शक ठरतं. ८० केईव्हीला ३ मिमी शिशातून ०.०३ टक्क्याच्या आसपास किरण सुटतात, ८७ ला साधारण ०.१५ टक्के. एवढं चालतं. १ मिमी पत्रा मात्र ८० केईव्हीला ६ टक्क्यांहून जास्त सोडतो, आणि ते सगळं स्कॅटर समजून वजा होतं.

या भूमितीत सावली दुप्पट होते, म्हणजे ६ मिमी. फोकल स्पॉट १ मिमीचा असेल तर पूर्ण काळोखाचा भाग ५ मिमी उरतो. त्यातला मधला ३ मिमीच घ्या, ०.२ मिमी पिक्सेल असेल तर सुमारे १७५ पिक्सेल मिळतात, सरासरीसाठी तेवढे पुरेसे आहेत.

एक्स्पोजरचा क्रम

१. पॅनेल किमान अर्धा तास तापू द्या. डार्क फ्रेम (किरण न सोडता घेतलेली प्रतिमा) घ्या आणि दर काही मिनिटांनी पुन्हा घ्या.

२. कोरी पट्टी लावून, फँटमशिवाय, दोन्ही ऊर्जांना मोकळ्या क्षेत्राची प्रतिमा घ्या. फँटमला लागणाऱ्या एमएएसवर (ट्यूबचा प्रवाह गुणिले वेळ) पॅनेल इथे संपृक्त होईल. एमएएस कमी करा आणि गुणोत्तराने वाढवून घ्या, पण त्याआधी चार-पाच पायऱ्यांवर ट्यूबचं आउटपुट एमएएसच्या प्रमाणात जातं का ते डोसमीटरने पाहा. अगदी कमी एमएएसला ते बहुधा जात नाही.

३. फँटम ठेवा. आधी कमी ऊर्जा, मग जास्त. हा क्रम मुद्दाम आहे: सिझियम आयोडाइडच्या पॅनेलमध्ये मागच्या एक्स्पोजरची छाया रेंगाळते, आणि कमी ऊर्जेचा सिग्नल आधीच दुबळा असतो, त्यावर जबर प्रतिमेची छाया पडू देऊ नका. कमी ऊर्जेला ७० केव्ही आणि जास्त ऊर्जेला १३० केव्हीसोबत १ मिमी तांब्याचा फिल्टर, ही सुरुवातीला बरी जोडी आहे. वरच्या उदाहरणातले एकल-ऊर्जेचे गुणांक मात्र अशा रुंद वर्णपटाला जसेच्या तसे लावू नका.

४. कोरी पट्टी काढून चकत्यांची पट्टी लावा, बाकी काही न हलवता दोन्ही ऊर्जांना पुन्हा प्रतिमा. फँटमच्या बाबतीत चार-चार फ्रेमची सरासरी घ्या.

एकदाच करायची आणखी एक चाचणी आहे. २, ३, ४, ६ आणि ८ मिमी व्यासाच्या चकत्या एकेक करून क्षेत्राच्या मध्यभागी ठेवा, सावलीतला सिग्नल व्यासासमोर आलेखावर मांडा आणि रेषा शून्य व्यासापर्यंत वाढवा. चकती जितकी मोठी तितका ती जवळचा स्कॅटर आणि पॅनेलमधली चमकही (पॅनेलच्या आत पसरणारा प्रकाश) अडवते, म्हणून सिग्नल घटत जातो. शून्य व्यासाचा अंदाज भागिले ३ मिमीचा सिग्नल, हा तुमचा सुधारक गुणांक. २ मिमीचा बिंदू रेषेच्या एकदम वर उडी मारत असेल तर तो सोडून द्या. तिथे फोकसबाहेरून निघालेले किरण सावलीत शिरताहेत.

वजाबाकी

डार्क वजा करून आणि गेन (पिक्सेलांच्या संवेदनशीलतेतला फरक) सुधारून झाल्यावर प्रत्येक सावलीचं केंद्र शोधा. मधल्या ३ मिमी वर्तुळाचा मध्यक घ्या. सरासरीपेक्षा मध्यक बरा, एखादा मेलेला पिक्सेल त्याला ढळवत नाही. मिळालेल्या ६४ आकड्यांना दोन गोष्टी लावायच्या. एक, वरचा सुधारक गुणांक. दुसरी गोष्ट हमखास विसरली जाते: चकत्यांनी किरणांचाच काही भाग अडवल्यामुळे स्कॅटरही तेवढा कमी निर्माण झाला. ६४ चकत्यांचं क्षेत्रफळ ४५२ चौ.मिमी, पट्टीचं १०,००० चौ.मिमी, म्हणजे ४.५ टक्के. आकड्यांना ०.९५५ ने भागा. किरणांचं क्षेत्र पट्टीपेक्षा लहान केलं असेल तर त्या क्षेत्रातल्या चकत्या आणि त्याचंच क्षेत्रफळ धरा.

आता या बिंदूंवरून सबंध प्रतिमेसाठी स्कॅटरचा पृष्ठभाग काढा. थिन-प्लेट स्प्लाइन (बिंदूंवर बसवलेला गुळगुळीत पृष्ठभाग) थोडं सैल ठेवून लावा, म्हणजे प्रत्येक बिंदूतून जाण्याचा हट्ट नको. उंच घातांकाची बहुपदी टाळा, ती कोपऱ्यांत वर उधळते आणि कोपऱ्यातल्या हाडाची घनता खोटी वाढवते. हा पृष्ठभाग कोऱ्या पट्टीच्या प्रतिमेतून पिक्सेलवार वजा करा. दोन्ही ऊर्जांना स्वतंत्रपणे; एका ऊर्जेचा स्कॅटर दुसरीला गुणून वापरण्याचा मोह आवरा. वजाबाकीनंतर प्राथमिक सिग्नल शून्याजवळ किंवा ऋण येत असेल तर लॉग फुटतो, म्हणून स्कॅटर एकूण सिग्नलच्या ९५ टक्क्यांवर जाऊ देऊ नका. मर्यादा लागलेले पिक्सेल मात्र वेगळे खुणावून ठेवा. असे पिक्सेल हाडाच्या क्षेत्रात दिसू लागले तर प्रश्न सॉफ्टवेअरचा नाही, डोस किंवा कॉलिमेशनचा आहे.

कॅलिब्रेशन त्यानंतरच

रुंद वर्णपटामुळे लॉग जाडीच्या सरळ प्रमाणात जात नाही, म्हणून ॲक्रिलिक आणि ॲल्युमिनियमच्या जोड्यांवर कॅलिब्रेशन करावं लागतं: ॲक्रिलिक १० ते २५ सेमी, चार जाड्या, ॲल्युमिनियम ० ते १० मिमी, २ मिमीच्या पायऱ्या. दोन लॉगपासून दोन जाड्या काढणारी दुसऱ्या किंवा तिसऱ्या घाताची बहुपदी बसवा.

स्कॅटर वजा न करता कॅलिब्रेशन केलं तरी आलेख सुंदर बसतो. हीच त्यातली फसवणूक. स्कॅटर त्या बहुपदीच्या गुणांकांत दडून बसतो, आणि तुमच्याच फँटमवर, तुमच्याच क्षेत्रात, सगळं बरोबर दिसतं. क्षेत्र २ सेमीने अरुंद करा की आकडे घसरतात, कारण दडलेला स्कॅटर आता तिथे नाही. क्रम म्हणून पक्का ठेवा: डार्क, गेन, स्कॅटर, मग लॉग, मग कॅलिब्रेशन.

मापं बाजारातल्या लेबलावरून घेऊ नका. १० मिमी म्हणून मिळणारी ॲक्रिलिक शीट व्हर्नियर लावला की कमी-जास्त भरते, आणि दोन टोकांना वेगळी भरते. प्रत्येक तुकड्याचं वजन भागिले क्षेत्रफळ केलं की ग्रॅम/चौ.सेमी थेट मिळतं, घनता गृहीत धरावी लागत नाही. ॲल्युमिनियम ९९ टक्क्यांहून शुद्ध घ्या. तांबं असलेला मिश्रधातू कमी ऊर्जेला भलताच जड वागतो. १ मिमी ॲल्युमिनियम ०.२७ ग्रॅम/चौ.सेमी होतं, पण ते ॲल्युमिनियमचे ग्रॅम आहेत, हाडाचे नाहीत. शेवटचं रूपांतर हायड्रॉक्सिॲपटाइटच्या ज्ञात तुकड्यांवर किंवा युरोपियन स्पाइन फँटमवर करा; त्यातल्या तीन कशेरुका ०.५, १.० आणि १.५ ग्रॅम/चौ.सेमीच्या असतात.

चकत्या लावता येत नाहीत तेव्हा

माणसावर चार एक्स्पोजर करणं सहसा परवडत नाही. स्कॅटरचा पृष्ठभाग गुळगुळीत असल्याने चकत्यांची प्रतिमा मूळ एमएएसच्या दहाव्या भागात घेता येते, हा पहिला पर्याय. श्वास रोखलेला असतानाच ती झाली पाहिजे.

दुसरा पर्याय फुकटचा आहे. कॉलिमेटरची पाती अशी लावा की पॅनेलच्या दोन्ही कडांना १–२ सेमी पट्टी झाकलेली राहील. तिथे फक्त स्कॅटर आणि पॅनेलची चमक पोचते. दोन कडांमधून अंतर्वेशन करा, पण सरळ रेषेने नको. मध्यभागी स्कॅटर कडेपेक्षा जास्त असतो. मध्य-कड गुणोत्तर वेगवेगळ्या जाडीच्या फँटमवर चकत्यांनी मोजून तक्ता करून ठेवा. पोट एका बाजूला झुकलेलं असेल तर ही रीत दुबळी पडते.

तिसरा पर्याय कर्नलचा: प्रत्येक बिंदूवरचा प्राथमिक किरण आजूबाजूला किती स्कॅटर पसरवतो याचं एक रूंद, घंटेच्या आकाराचं फल. सुरुवातीला मोजलेली प्रतिमाच प्राथमिक धरा, कर्नलने स्कॅटर काढा, मूळ प्रतिमेतून वजा करा, नव्या प्राथमिकावरून पुन्हा स्कॅटर काढा. चार-पाच फेऱ्यांत बदल अर्ध्या टक्क्याखाली येतो. येत नसेल आणि आकडा वरखाली झुलत असेल तर प्रमाण फार मोठं आहे. प्रत्येक फेरीत बदलाचा निम्माच भाग लावा. कर्नलची रुंदी आणि उंची जाडीवर अवलंबून असते, तेव्हा १०, १५, २० आणि २५ सेमीसाठी वेगळे कर्नल चकत्यांच्या मोजणीवर बसवून घ्या आणि जास्त ऊर्जेच्या लॉगवरून मधले काढा. कर्नल पुस्तकातून उचलू नका. तुमचं हवेचं अंतर वेगळं असतं.

भारतात क्ष-किरण यंत्रासाठी एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) ई-लोरा या ऑनलाइन प्रणालीवरची परवानगी लागते आणि माणसांवरच्या प्रयोगासाठी नीतिशास्त्र समितीची. दोन्ही हाती येईपर्यंत फँटमवरच थांबा.

दुरुस्ती खरी आहे का

एकच ६ मिमी ॲल्युमिनियमची पायरी १०, १५, २० आणि २५ सेमी ॲक्रिलिकमध्ये मोजा. उत्तर एकच यायला हवं. जाडीबरोबर ते उतरत असेल तर स्कॅटर कमी वजा होतोय, चढत असेल तर जास्त. मग जाडी तीच ठेवून क्षेत्र २० सेमीपासून ५ मिमीच्या फटीपर्यंत अरुंद करत न्या. फटीतलं उत्तर जवळजवळ स्कॅटरमुक्त असतं, तेच मानक माना. रुंद क्षेत्रातलं दुरुस्त उत्तर त्याच्या १ टक्क्यात बसलं पाहिजे. पायरी मध्यभागातून कडेला सरकवून पाहा. शेवटी ॲल्युमिनियम काढून नुसतं ॲक्रिलिक घ्या: हाडाची प्रतिमा सपाट शून्य हवी.

त्या प्रतिमेत २४ मिमी अंतराने, म्हणजे चकत्यांच्या सावल्यांच्या जागी, फिकट ठिपके दिसले तर स्प्लाइन फार घट्ट बसली आहे. फँटमच्या कडेलगत गडद पट्टा दिसला तर शेजारच्या उघड्या हवेतून संपृक्त झालेल्या पिक्सेलची चमक आत सांडते आहे. त्या हवेवर शिशाचा पत्रा किंवा पाण्याची पिशवी ठेवा. उत्तर दिवसभरात हळूहळू सरकत असेल तर स्कॅटरला दोष देण्याआधी ट्यूबचं आउटपुट तपासा. कडेच्या कोपऱ्यात, फँटमबाहेर पण किरणांच्या क्षेत्रात, कायमचा तांब्याचा एक तुकडा ठेवला की प्रत्येक प्रतिमेतच त्याची नोंद होते. फुप्फुसाच्या किंवा आतड्यातल्या वायूच्या सीमेवर स्कॅटर नेहमीपेक्षा वेगाने बदलतो. तिथे सावल्यांची २४ मिमीची मांडणी विरळ पडते आणि वरच्या कशेरुकेचा आकडा डगमगतो. चकत्या दाट केल्या तर अडवलेला भाग वाढतो, त्यामुळे पट्टी अर्ध्या अंतराने सरकवून दुसरी प्रतिमा घेणं बरं.

तयार डेक्सा यंत्रावर यातली जाडीची चाचणी करता येते: स्पाइन फँटमवर ५-५ सेमी ॲक्रिलिक वाढवत जा आणि बीएमडी किती हलतो ते नोंदवा. रोजच्या फँटमच्या आकड्यात १.५ टक्क्यांहून मोठा सरक आला तर यंत्र दुरुस्तीला द्यायचं, हा प्रचलित नियम आहे. तो रोजचा फँटम मात्र कायम एकाच जाडीचा असतो, त्यामुळे जाडीबरोबर बदलणारी स्कॅटरची चूक त्यात दिसत नाही. वर्षातून एकदा आणि प्रत्येक सॉफ्टवेअर अपडेटनंतर जाडीची चाचणी वेगळी करा आणि तिचे आकडे रोजच्या नोंदींशेजारीच ठेवा.